गाबायत्सेचा हंडा

गाबायत्सेच्या नवऱ्याला माती देऊन पाहुणे अजून परतलेही नव्हते, तोच तिचा धाकटा दीर केबोनांग गाढवांची गाडी घेऊन अंगणात आला आणि बिडाचा तीन पायांचा मोठा हंडा गाडीत चढवू लागला. आलेल्या लोकांसाठी शिजवलेला मका अजून त्याच्या तळाला होता.

"तो माझ्या आईचा आहे," गाबायत्से म्हणाली. "लग्नात दिलेला."

"भावाच्या घरातली वस्तू आहे वहिनी, म्हणजे आमच्या घराण्याची. तुमची आई आता येणार आहे का सांगायला?"

ती गावच्या मुखियाकडे गेली. तिथे निवाड्याला बसणारे म्हातारे केबोनांगच्या हातचं मांस खाऊन तृप्त झालेले. हंडा त्याच्याकडेच राहिला.

मी तिची शेजारीण. त्या हंड्यावर तिचा जीव किती, ते मी पाहिलं होतं. साबण कधी लावला नाही. गरम पाणी, गवताचा कुंचा, मग निखाऱ्यावर कोरडा करायचा आणि ऊब असतानाच बैलाची चरबी चोळायची. आधी आईने, मग हिने, वर्षानुवर्षं. आतून तो असा काळाभोर चकचकीत, की ज्वारीची लापशी चिकटतच नसे.

केबोनांगच्या बायकोचं नाव सेइपोने. ती हंडा वाळूने आणि कपड्यांच्या पावडरीने घासायची. आंबील आंबवायची, तीही त्यातच. कुंपणापलीकडे त्यांच्या अंगणात हंड्यावर तांबूस गंज चढताना आम्हांला दिसायचा.

"सांग ना तिला," मी एकदा म्हटलं.

"खाऊ दे गंजाला," गाबायत्से म्हणाली.

मग केबोनांगच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्याकडे लग्नातलं मांस पुरुष शिजवतात, आणि त्याचा तर तोरा असा, की आख्खं मोचुडी गाव बोटं चाटेल. पण आधी थोडं शिजवून पाहिलं, तर मांस काळं पडलेलं आणि चवीला खिळे चोखल्यासारखं. लग्नाच्या आदल्या सकाळी तो हिच्या अंगणात आला.

"वहिनी, हंड्याचं काय करायचं हो?"

ती चवळी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चरबी उतरलीय त्याची. आधी लाल होईस्तो तापव. मग एकदम गार पाणी ओत."

"फुटायचा नाही ना?"

"लोहार कुदळीला पाणी पाजतो, तेव्हा कुदळ फुटते का?"

तो खूश होऊन गेला. मी कुजबुजले, "अगं, कुदळ वेगळी. हे बीड आहे!"

"माहीत आहे मला."

"तुझ्या आईचा हंडा आहे तो."

"म्हणूनच. त्याच्या चुलीवर राहण्यापेक्षा फुटलेला बरा."

दुपारी बैल कापायला व्याही मंडळी जमली होती. केबोनांगने बाभळीची लाकडं पेटवून हंडा लाल केला आणि सगळ्यांदेखत बादली ओतली. बंदुकीसारखा आवाज झाला. वाफ विरली तेव्हा हंडा काठापासून बुडापर्यंत उभा फाटला होता, एक पाय तुटून राखेत पडला होता.

"व्याही, आता मांस काय टोपीत शिजवणार?" नवऱ्या मुलाच्या मामाने विचारलं. माणसं पोट धरून हसली.

केबोनांग कुंपणापाशी धावत आला. पाठोपाठ सगळे आले, मुखियाकडचे म्हातारेही.

"मुद्दाम सांगितलंस तू! अगं, तुझ्या आईचा हंडा! सख्ख्या आईचा हंडा फोडायला लावलास? बाई आहेस का कोण आहेस?"

गाबायत्से सावकाश उठली. झग्याला चिकटलेला कोंडा झटकला.

"कोणाचा हंडा म्हणालास?"

त्याने मागे वळून म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

"मोठ्याने बोल की. या आजोबांना मागच्या वेळी नीट ऐकू आलं नव्हतं."

म्हातारे जमिनीकडे बघू लागले.

संध्याकाळी सेइपोने रडवेली होऊन आली. "वहिनी, तुकडे आणून देऊ का?"

"राहू देत तुझ्याकडेच. कोंबड्यांना पाणी ठेवायला होतील."

लग्नात मागून आणलेल्या पत्र्याच्या डब्यांत मांस शिजवलं. तळाला करपलं, वर कच्चं. गाबायत्से बायकांच्या पहिल्या रांगेत बसली आणि पुन्हा मागून घेऊन जेवली.

"वाईट नाही वाटत?" मी हळूच विचारलं.

"आईला वाटलं असतं," ती घास चावत म्हणाली. "मला नाही."

ती खोटं बोलत होती, पण थोडंसंच.