वरल्या आळीचा नळ

यज्ञेश्वरपंत सभेहून घरी आले ते मिशीत हसतच. "इंदू, आज नृसिंहरावाची जिरवली! त्याच्या वरल्या आळीला नळ नाही म्हणजे नाही. पाणीकमिटीचा चेअरमन मी आहे!"

नगर जिल्ह्यातल्या त्या लहानशा शहरात हे वैर सगळ्यांना ठाऊक होतं. पंत तिथल्या हॉकी संघाचे मॅनेजर. पलटणीच्या गोऱ्यांना हरवून आलेली त्यांची पोरं! पण खेळ कच्चा म्हणून पंतांनी नृसिंहरावांच्या पुतण्याला संघातून वगळलं, आणि नगरपालिकेत वजन असलेल्या नृसिंहरावांनी मैदानच लाकडाच्या वखारीला देऊन टाकलं. संघ मोडला. गोलकीपर कानिफनाथ भर रस्त्यात ढसाढसा रडला. त्याच दिवशी पंतांनी दातओठ खात ठरवलं, नगरपालिकेत शिरायचं आणि या माणसाचं उट्टं काढायचं. सेहेचाळीसच्या निवडणुकीत ते निवडून आले.

ताट वाढता वाढता इंदूबाई थांबल्या. "दुपारी मी वरल्या आळीत बाळंतिणीला बघायला गेले होते. नृसिंहरावांच्या परसात बारमाही आड आहे. त्यांना नळ असला काय, नसला काय! बाळंतिणीची सासू गोजरबाई मात्र नदीत झरा उकरून पाणी आणते. मला म्हणाली, 'बाई, तुमच्या मालकांचं आमी काय वाईट केलं हुतं?'"

"आणि माझं मैदान गिळलं त्याने, ते विसरू?"

"विसरू नका. पण एका पुतण्यापायी त्यांनी साऱ्या पोरांचं मैदान घेतलं. एका माणसापायी तुम्ही साऱ्या आळीचं पाणी तोडताय. मग तुमच्यात नि त्यांच्यात फरक काय राहिला, सांगा!"

पंतांनी ताट बाजूला सारलं. ज्याचा इतका द्वेष केला, हुबेहूब त्याच्यासारखेच आपण झालो! त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

पुढच्या सभेत नळाचा ठराव त्यांनी स्वतः मांडला. नृसिंहराव कुत्सितपणे हसले. "का हो पंत, दम संपला?"

"हा नळ गोजरबाईसाठी आहे, तुमच्यासाठी नाही," पंत कडाडले. "आता मैदान परत घेण्याचा ठराव मांडतोय. तिथं तुमच्याशी भांडणार, पण उघड, सगळ्यांसमोर!"

मैदान काही लगेच सुटलं नाही. नळाला मात्र उन्हाळ्याआधी पाणी आलं.

वाचकहो, खुर्ची लोक देतात ती त्यांच्या कामासाठी. तिच्यावर बसून उगवलेला सूड वैऱ्याच्या दारापर्यंत पोहोचतच नाही. तो गरिबाची घागर तेवढी रिकामी ठेवतो!