मिठाची टाकी

माझ्या नातीला जुळं झालं, त्या वर्षी आमच्या घरात पाणी मऊ करायचं यंत्र आलं. बोअरचं पाणी इतकं जड होतं की बाळांची दुपटी वाळली की पुठ्ठ्यासारखी उभी राहायची. चार महिन्यांनी जुळं आपल्या घरी गेलं. यंत्र राहिलं, आणि त्याचा खरा उपयोग झाला तो माझ्या थोरल्या जाऊबाईंना.

जाऊबाईंच्या अंगाला ते पाणी सोसायचं नाही. अंघोळ झाली की पाय खाजवून रक्त काढायच्या. यंत्र आल्यावर पंधरा दिवसांत खाज गेली.

"साबणाला फेस येतो हे मला या वयात कळलं गं," त्या म्हणाल्या. तेव्हापासून यंत्र त्यांचं.

यंत्र म्हणजे दोन टाक्या. उंच टाकीत बारीक पिवळे मणी. पाणी त्यांतून जाताना पाण्यातला चुना मण्यांना चिकटतो. मणी चुन्याने भरले की यंत्र शेजारच्या टाकीतलं मीठपाणी ओढतं, मणी धुतं आणि तो सगळा चुना मोरीत सोडून देतं. आपण फक्त टाकीत मीठ घालायचं. ते काम जाऊबाईंनी अंगावर घेतलं. ब्लडप्रेशरमुळे डॉक्टरांनी त्यांचं मीठ आधीच बंद केलेलं. त्यामुळे मिठाची गोणी फोडताना त्या तिच्याकडे कशा बघायच्या, ते मी लिहीत नाही.

त्यांना एक खोड होती. घरातला कुठलाही डबा अर्धा दिसला की त्यांना चैन पडायचं नाही. साखर, चहा, कपड्यांचा साबण, सगळं काठोकाठ. मिठाच्या टाकीचंही तेच. दोन बोटं खाली गेलं की वर भर आणि तांब्याच्या बुडाने थोपटून सपाट कर.

तिसऱ्या वर्षी खाज परत आली. प्लंबर आला. त्याने टाकीचं झाकण उघडलं, मीठ काठापर्यंत बघितलं आणि झाकण लावलं.

"मीठ तर भरपूर आहे. मणी मेलेत, आजी. यंत्र काढून टाका."

जाऊबाईंनी लेकीला फोन लावला. तिच्या गावी नदीचं गोड पाणी. रविवारी ती न्यायला येणार असं ठरलं. जाऊबाईंनी बॅगही काठोकाठ भरली.

आम्ही दोघी बावन्न वर्षं एका स्वयंपाकघरात भांडलो. माझ्या वयात भांडायला दुसरं माणूस कुठून आणू? मी यंत्राचं पुस्तक काढलं. मी अक्षरं शिकले पंचावन्नाव्या वर्षी, त्यामुळे बत्तीस पानांना दोन दिवस गेले. शनिवारी सकाळी मी यंत्राचं बटण दाबलं आणि घरात सांगितलं, कोणी नळ सोडायचा नाही. मग मोरीशेजारी स्टूल टाकून बसले. थोड्या वेळाने जाऊबाईही स्टूल घेऊन आल्या.

"काय करतंय ते?"

"मणी खालून वर ढवळतंय. दहा मिनिटं."

"आणि आता?"

"आता मीठपाणी ओढतंय. जरा वेळाने ते या नळीतून बाहेर पडेल. खारट लागायला पाहिजे."

वीस मिनिटांनी मी नळीखाली बोट धरून चाखलं. मला काही ठरवता येईना.

"सर बाजूला," जाऊबाई म्हणाल्या. त्यांनी बोट चाखलं आणि थुंकल्या. "अळणी. सपशेल अळणी. मला विचार, सहा वर्षं तेच खातेय."

म्हणजे मीठ टाकीत होतं, पण पाण्यात उतरत नव्हतं. मी झाडूचा दांडा घेतला आणि मिठात खुपसला. चार बोटांवर तो दगडाला लागावा तसा अडला. दोन्ही हातांनी जोर केला. धप्पकन आवाज झाला आणि सगळं मीठ खाली कोसळलं. वर थापून थापून मिठाचं छत झालं होतं. खाली नुसती पोकळी आणि तळाला हातभर पाणी.

जाऊबाई वाकून बघत राहिल्या.

"हे कशाने झालं? पुस्तकात काय लिहिलंय?"

"दमट हवेने होतं म्हणून लिहिलंय."

"आणखी काय?"

"आणखी काही नाही."

आणखी दोन ओळी होत्या. टाकी कधीही पूर्ण भरू नये. मीठ दाबू नये. जाऊबाईंना वाचता येत नव्हतं.

चार तास मीठ विरघळू दिलं आणि दुपारी पुन्हा बटण दाबलं. वेळ झाली तशी जाऊबाईंनी नळीखाली बोट धरलं.

"खारट आहे," त्या म्हणाल्या. मग खात्री करायला पुन्हा एकदा बोट धरलं. तिसऱ्यांदा मी त्यांचा हात धरला.

रविवारी लेक आली, जेवली आणि एकटी परत गेली.

"आईला नदीचं पाणी नको झालं?" तिने मला विचारलं.

"तुझ्या आईला विचार."

"हिला यंत्र कळत नाही," जाऊबाई आतून ओरडल्या. "मी गेले तर मीठ कोण भरणार?"

त्यानंतरही त्या टाकी काठोकाठ भरत आणि थोपटत राहिल्या. दर शनिवारी त्या अंघोळीला गेल्या की मी दांडा घालून छत फोडायचे आणि वरून सपाट करून ठेवायचे. एकदा दांडा जागेवर नव्हता. शोधला, तर टाकीला टेकवून ठेवलेला सापडला. कोणी ठेवला ते मी विचारलं नाही. असं पाच वर्षं चाललं. खाज परत आली नाही.

माझ्या थोरल्या जाऊबाई गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या एकोणीस तारखेला सकाळी साडेदहा वाजता, अंघोळ करून आल्यावर वारल्या. त्या एक्क्याऐंशी वर्षांच्या होत्या.