दोन्ही ऐकू येणारा

ए, थांब जरा, माईक बंद करू नकोस. बाकीचे यायला वेळ आहे, तोवर तुला एक गोष्ट सांगतो. आजपासून तू आमच्या टोळीत खेळणार, म्हणजे तुला ठाऊक असलेली बरी. फक्त मधे तोंड घालू नकोस. माझं एकदा तुटलं की पुढचं मागे आणि मागचं पुढे होतं.

तर, आमच्यातल्या वेल्डरने एकदा पिशवी दुकानाच्या काउंटरवर उपडी केली. आतून टीव्हीला जोडायचा गेमचा डबा निघाला, वायरींच्या गुंताड्यासकट. मग लेकीने लग्न झाल्यावर मागे ठेवलेला लॅपटॉप. मग त्याचा फोन. दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या पसाऱ्याकडे बघितलं.

"घर सोडलंस की बायकोने काढलं?"

"ह्या सगळ्यांना मिळून एकच हेडसेट पाहिजे. बिनवायरचा."

हा दुकानदार म्हणजे आमचा कुलूप. बॉयलरचा कारखाना चालू होता तेव्हा हा स्टोअर सांभाळायचा. साधा वायसर मागितला तरी आधी जुना आणून दाखव म्हणायचा, म्हणून कुलूप. कारखाना बंद पडला, आम्ही वाट फुटेल तिकडे पांगलो. त्याने हेडफोन-चार्जरचं दुकान टाकलं आणि त्यानेच आम्हाला ह्या रणगाड्यांच्या गेमचा नाद लावला. संध्याकाळ झाली की जो जिथे असेल तिथून यायचा. खेळ कसला, एकमेकांना शिव्या घालायचं निमित्त. त्यात सगळ्यात मोठा गळा वेल्डरचा.

पण तेव्हा तो बरेच दिवस आमच्यात नव्हता. वहिनींची, म्हणजे त्याच्या बायकोची, फुप्फुसं कामातून गेली होती. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, म्हणजे काय ते आपण समजायचं. त्या आतल्या खोलीत, हा बाहेरच्या खोलीत. जोरात हाक मारायची ताकद त्यांच्यात नव्हती, म्हणून उशाला एक बटण दिलं होतं. दाबलं की ह्याच्या फोनवर टिंग वाजायचं. एका संध्याकाळी हा कानाला जुना हेडसेट लावून खेळत बसला, फोन पडला बाजूला. वहिनी पाण्याला म्हणून वळल्या आणि खाली घसरल्या. बटण दाबत राहिल्या. डाव संपला तेव्हा ह्याने हेडसेट काढला.

काही मोडलं नाही, नशीब. पण त्या दिवसापासून ह्याने गेमचा डबा कापडात गुंडाळला, आतल्या खोलीच्या दारात स्टूल टाकलं आणि त्याच्यावर बसला तो बसलाच.

आता हे तुला कळायचं तर आमच्या कामाची एक रीत कळली पाहिजे. बॉयलरच्या पोटात वेल्डिंगला एक माणूस उतरला की भोकाशी दुसरा बसायचा. आतला पत्र्यावर ठोकणार, बाहेरचा उलट ठोकणार. म्हणजे आतल्याला कळतं, आहे कुणीतरी. बाहेरच्याने जागा सोडायची नाही. लघवी लागली तरी नाही, मालक आला तरी नाही. ह्या माणसाचा अर्धा जन्म त्या भोकाच्या आत नाही तर बाहेर गेला. घरी पण त्याने तेच चालू केलं.

वहिनीच मागे लागल्या. खेळा, म्हणाल्या, मला बरं वाटेल. हा म्हणाला, खेळीन, पण गेम ऐकताना तुझी टिंगसुद्धा त्याच कानात आली पाहिजे. म्हणून ती पिशवी.

कुलपाने एकेक खोकं काढलं.

"हा बघ. खोक्यावर लिहिलंय, अनेक उपकरणांना चालतो."

"मग झालं की."

"कुठलं झालं? हा उडी मारतो. डब्याचा आवाज चालू असला की फोन मेला, फोन घेतला की डबा मेला. असलेच जास्त येतात. एका वेळी एकच."

"नको."

"हा दुसरा. सगळं ब्लूटूथवर. पण गेमचा आवाज उशिरा येणार. आधी तुझा रणगाडा उडणार, मग तुला धडाम ऐकू येणार."

"तुझ्या हाताखाली खेळलं की तसंही तेच होतं."

"पाहिजे तर पुढचं ऐक, नाहीतर उचल तुझा बाजार. एक येतो, त्याला छोटा रिसीव्हर असतो. तो डब्यात खोचायचा, लॅपटॉपवर खेळायचं तर काढून लॅपटॉपला. आणि फोन त्याच वेळी ब्लूटूथवर जोडलेला. दोन्ही एकदम कानात. उद्या मागवून ठेवतो."

"एकदम म्हणजे एकदम?"

"एकदम."

वेल्डरने पसारा परत पिशवीत भरला. जाताना दारात थांबला.

"उद्या नक्की ना? शेजारीण फार वेळ बसत नाही तिच्यापाशी."

दुसऱ्या दिवशी कुलूप शटर वर करतोय तोच वहिनींचा फोन. दोन शब्द बोलायच्या, थांबायच्या, दम घ्यायच्या.

"भाऊजी, ते येतील आज. त्यांना साधा द्या. एका वेळी एकच ऐकू येतो ना, तो."

"त्याला दोन्ही पाहिजे, वहिनी."

"दोन्ही येतं म्हणून सांगा."

"आणि तुम्ही बोलावलंत नि त्याला नाही कळलं तर?"

वहिनींनी पलीकडे दम घेतला.

"दारात बसून असतात हो. मी खोकले की उठतात. नाही खोकले तरी उठतात, आहे का गेली ते बघायला. बोलतात ते पण असं हळू, परक्यासारखं. हे घर आहे भाऊजी, बॉयलर नाही."

कुलपाने अर्धं वर गेलेलं शटर तसंच सोडलं.

"तुमच्याशी खेळताना कसे ओरडायचे! तुम्हा सगळ्यांचा उद्धार करायचे आणि हसायचे. भिंतीपलीकडून यायचं मला. त्याच्यावर झोप लागायची माझी. मी जाईन तेव्हा ते तसे असू देत. त्या स्टुलावर नकोत."

आता दुसरा कुणी असता तर हो म्हणाला असता. पण कुलूप तो कुलूपच.

"वहिनी, मी आजवर कुणाला फसवी वस्तू दिली नाही."

त्या हसल्या. हसण्याचा खोकला झाला, खोकला थांबेपर्यंत कुलूप फोन धरून उभा होता.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग चांगलाच द्या."

त्याने चांगलाच दिला. त्या संध्याकाळी वेल्डर आमच्यात परत आला आणि आल्या आल्या त्याने सगळ्यांची अशी काही खरडपट्टी काढली की माझी बायको स्वयंपाकघरातून विचारायला आली, कोण मेलंय म्हणून. मी म्हटलं, मेलं नाही, परत आलंय.

चांगले दिवस होते ते. मधेच हा म्हणायचा, "टिंग झाली, आलो," आणि रणगाडा भर रस्त्यात सोडून जायचा. आम्ही उडायचो. वहिनींना ते कळलं असणार, कारण ऐन मोक्यालाच टिंग यायला लागली. काय हवं म्हणून हा पळत जायचा, तर म्हणायच्या, काही नाही, जिंकलात का? कारखान्यातला आमचा क्रेनवाला म्हणायचा, तुझी बायको पलीकडच्या पार्टीतून खेळते रे. हे ह्याने जाऊन त्यांना सांगितलं. त्यावर पण हसल्या म्हणे.

मग एक संध्याकाळ अशी आली की टिंग नाहीच. क्रेनवाल्याने रणगाडा पुलावरून सरळ नदीत घातला होता. वेल्डर इतका हसत होता की त्याला बोलता येईना. डाव संपला, "बघून येतो" म्हणाला. त्याचा माईक चालूच होता. आम्हाला दार ऐकू आलं. त्याच्यानंतर काही नाही.

बऱ्याच दिवसांनी तो कुलपाच्या दुकानात गेला. दाढी वाढलेली, बनियन उलटं. ह्या वेळी पिशवीतून हेडसेट निघाला, डबा निघाला, फोन निघाला, आणि रुमालात बांधलेलं ते पांढरं बटण.

"तपास."

"काय झालंय त्याला?"

"तेच तपास. आदल्या दिवशी चालत होतं. पाणी मागितलं तिने, आलं मला ऐकू. त्या दिवशी आलं नाही." तो बटणाकडे बघत नव्हता. "घरी दाबून बघायचा धीर नाही झाला."

कुलपाने दुकानातल्या टीव्हीला डबा जोडला, गेम लावला. वेल्डरने हेडसेट कानावर चढवला, आवाज पूर्ण वाढवला, फोन समोर ठेवला.

"आत जाऊन दाब."

कुलूप बटण घेऊन मागच्या खोलीत गेला. दाबलं. पडद्याच्या फटीतून बघितलं. वेल्डर तसाच बसलेला, दोन्ही तळवे काउंटरवर, अंग ताठ. परत दाबलं. तो हलला नाही.

मग कुलपाने बटण उजेडात धरलं. मागच्या झाकणाच्या खाचेशी बारीक ओरखडे होते, केसांच्या पिनेने कुणीतरी धडपडत उघडल्यासारखे. त्याने नखाने झाकण फिरवलं. आत चपटा सेल असतो. तो नव्हता.

कुलूप म्हणतो, तो तिथेच खोक्यांच्या ढिगावर बसला. बाहेर तो माणूस वाट बघतोय. कारखान्यात बॉयलरवर पण दोघे असेच, एक आत आणि एक बाहेर, पण कुणी काय ठोकायचं ते तेव्हा ठरलेलं असायचं. किती वेळ बसला ते त्यालाही सांगता येत नाही. मग उठला, फळीवरून नवीन सेल काढला, बसवला, झाकण फिरवलं, आणि दाबलं.

बाहेर वेल्डरचा हात वर गेला.

कुलूप पडदा सारून आला. "आलं?"

"आलं. स्वच्छ आलं." वेल्डरने हेडसेट काढला, गळ्यात अडकवला. "आत्ताच दाबलंस ना? मघाशी नाही?"

"आत्ताच. मघाशी खोकी आडवी आली होती."

वेल्डर मान हलवत राहिला. "म्हणजे वस्तू चांगली आहे."

"चांगली आहे."

"म्हणजे तिने दाबलंच नाही." त्याने बटण परत रुमालात बांधलं, गाठ दोनदा मारली. "झोपेत गेली असेल. नाही का रे?"

"झोपेतच," कुलूप म्हणाला.

आता येतो तो रोज. रिसीव्हर डब्याला, फोन अजून जोडलेला. कशाला जोडतोस, असं आम्ही कुणी म्हणत नाही. नीट खेळतो, आधीपेक्षा नीट. शिवी नाही, हसणं नाही, रणगाडा उडाला तरी मुकाट राहतो. कुलपाच्या पोटात हे राहिना, त्याने मला सांगितलं. आता तुला कळलंय, तर तुझ्यापाशीच राहू दे.

तो बघ, नावापुढे हिरवा ठिपका आला. ऐक, एवढंच कर माझ्यासाठी. नवीन माणूस आला की पहिलं विचारतो ना, "माझा आवाज येतोय का," ते त्याला विचारू नकोस. येतो त्याला. तू आपला बोलत राहा.