लग्नानंतर आलेला नकार

मित्रांनो, मी एक जुनी कादंबरी आहे. आज माझी पानं चहा सांडल्यासारखी दिसतात, पण एके काळी मला घरी न्यायला वाचनालयात नंबर लागत. माझा जन्म दीडशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा माझ्यासारख्या काही कादंबऱ्या तीन भागांत निघत. माझ्या पहिल्या भागात दोघांची ओळख होते, दुसऱ्यात गैरसमज होऊन ती त्याला नकार देते आणि तिसऱ्यात एकदाचं लग्न लागतं. माझ्या वयाच्या बहुतेक कादंबऱ्या लग्नापर्यंत धापा टाकत येत आणि तिथेच संपत.

हाताळून हाताळून माझे पुठ्ठे निखळले. मग वाचनालयाच्या बाईंनी तिन्ही भाग एकत्र बांधायला बाइंडरकडे दिले. त्याच्या दुकानात शिलाई त्याची बायको करी. आधी दोन-चार पानं वाचून ती क्रम लावून घेई. तिच्या शिलाईचं सगळे कौतुक करत आणि बाइंडर मान डोलावून म्हणे, "आपलं काम असंच असतं."

"आपलं म्हणजे कुणाचं हो?" एकदा तिने विचारलं. तो नुसता हसला. ती तडक भावाकडे निघून गेली.

मग मला त्यानेच शिवलं. तो वाचत नसे, फक्त पानांचे आकडे बघे. पण माझा प्रत्येक भाग पान एकपासून सुरू होतो! त्याने तिसरा भाग मध्ये घातला आणि दुसरा शेवटी.

काही दिवसांनी ती दारात आली. "मला दुसरीकडे काम मिळालंय. माझ्या सुया न्यायला आलेय."

तिने सवयीने मला उचललं, पाठीवरून अंगठा फिरवला. "ही शिलाई आहे की केसांचा गुंता?" मग पानं चाळता चाळता ती खुदकन हसली. "अहो, यांचं लग्न लागलंय, आणि त्यानंतर ही म्हणतेय, मी तुमच्याशी लग्न करणार नाही!"

"तसंही होतं गं कधी कधी," तो पडेल आवाजात म्हणाला.

तिचं हसू मावळलं. तेवढ्यात वाचनालयाच्या बाई आत आल्या. "झालं का पुस्तक?"

मला वाटलं, आता हा मान डोलावणार आणि ही कायमची जाणार. माझी पानं आखडली.

"बिघडलंय, बाई," तो म्हणाला. "मी शिवलं ना. इतकी वर्षं तुम्ही जिचं कौतुक केलंत, ती शिलाई हिची." त्याचे कान लालबुंद झाले होते.

बाई तिच्याकडे वळल्या. "अगं, मग बोलली नाहीस ती!"

"मी बोलायचं होतं का ते?" ती म्हणाली. तिने डोळे पुसले, कात्री घेतली आणि खाली बसून माझा दोरा उसवायला लागली. तो समोर बसून पानं धरू लागला. लग्न पुन्हा शेवटी गेलं.

"यांचं बरं आहे," ती पुटपुटली. "लग्न लागलं की पुस्तक मिटतं. पुढचं निस्तरायला लेखक थांबतोय कशाला?"

"मी थांबलोय ना," तो म्हणाला.

आता मला फारसं कुणी नेत नाही, पण माझं एकही पान सुटलेलं नाही. मुलांनो, मला उघडताना पाठ मोडेल इतकं ताणू नका, कोपरे दुमडू नका. आणि तुमच्या घरात कुणी मुकाट्याने काही शिवत, सांधत असेल, तर त्याचं नाव त्याच्यासमोर घ्या. ऐकायला ते माणूस घरात आहे, तोवरच.