हळदीच्या वाटेत बोट

भाऊकीतल्या भांडणाचा हिशोब कुणी लिहून ठेवत नाही, कारण विसरत कुणीच नाही. बदलापूर गावात, नदीकडं उतरणाऱ्या गल्लीत, धर्मेश आणि त्याचा चुलतभाऊ भावेश एकाच भिंतीच्या दोन बाजूंना राहत होते आणि दोघांचेही हिशोब चोख होते. वाटणीनंतर अंगणाच्या मधोमध भिंत घातली ती धर्मेशनं, हा भावेशच्या मनातला पहिला आकडा. भिंत चढत होती तेव्हा भावेश एक शब्द बोलला नाही, हा धर्मेशच्या मनातला. तो न बोललेला शब्द व्याजासकट वाढत जाऊन त्याचा पुरता अबोला झाला. आणि आता भावेशच्या मुलीचं, राजसीचं लग्न निघालं, तर चार पावलं चालून दारात येऊन आवतण द्यायचं सोडून त्यानं पत्रिका पाठवली व्हॉट्सअॅपवर. तीही फॅमिली ग्रुपवर, सगळ्यांबरोबर. धर्मेशनं ती वाचली, खाली हात जोडले नाहीत की अंगठा दाखवला नाही, आणि हळदीला पाऊल टाकायचं नाही असं ठरवून मोकळा झाला.

पण हळदीला न जाणं वेगळं आणि हळद अडवणं वेगळं. न जाणाऱ्याला भाऊकी मानी म्हणते. अडवणाऱ्याला जे म्हणते ते त्याच्या नातवंडांनाही ऐकावं लागतं. आणि आज, ऐन हळदीच्या संध्याकाळी, धर्मेशची बोट गल्लीत आडवी अडकली होती.

बोट कशाला, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मागच्या पुरात पाणी खिडक्यांना लागलं, तेव्हा बायको आणि म्हाताऱ्या आईला घेऊन धर्मेश गच्चीवर बोटीची वाट बघत बसला होता. बोट आली तेव्हा पाणी घोट्याला होतं. त्या दिवशी त्यानं शपथ घेतली, की पुढच्या पुराला बोट आपली पाहिजे. मग अलिबागकडं पर्यटकांना फिरवून थकलेली एक जुनी फायबरची बोट त्यानं चाकांच्या ट्रॉलीसकट उचलली. आता मे महिना. नदीत म्हशी बसल्या तरी पाठी कोरड्या राहतात, एवढंच पाणी. गल्लीनं आठवडाभर आधीच विचारायला सुरुवात केली होती, "धर्मेशशेठ, समुद्र कदी येतोय?"

आणायची होती सकाळी. कुणाच्या नजरेत न भरता, मांडवाचे बांबू उतरायच्या आत. पण वाटेत ट्रॉलीचा टायर बसला, त्या मापाचा टायर मिळेपर्यंत दुपार कलली, आणि बोट ओढणारी पिकअप गल्लीत शिरली तेव्हा भावेशच्या मांडवात दिवे लागले होते आणि धर्मेशच्या समोर डीजेचा टेम्पो येऊन उभा होता. टायरची गोष्ट खरी होती. खरी असून तिचा उपयोग शून्य, कारण ती कुणालाही सांगितली असती तरी त्यानं "असं काय?" एवढंच म्हटलं असतं.

ट्रॉली रिव्हर्स घेणं म्हणजे भाऊकीत वागण्यासारखंच. मागचं डावीकडं जायला हवं असेल तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवायचं. धर्मेशला हे ठाऊक होतं, पण हातांना ठाऊक नव्हतं. घराची भिंत आणि अंगणाची भिंत यांच्या मधल्या बोळात बोट मागं न्यायची, तेही जरा चढावर. तो मागं घ्यायचा, ट्रॉली भलतीकडं वळायची, तो घाईनं स्टेअरिंग उलटं मारायचा, आणि पिकअप नि ट्रॉली अडकित्त्यासारख्या मिटायच्या. पुन्हा पुढं. पुढं घ्यायला जागा किती, तर डीजेच्या टेम्पोच्या बंपरपर्यंत.

"आन दे, आन दे, आन दे!" मांडवाची पोरं ओरडत होती.

"लेफ्ट काट! फुल काट!" टेम्पोवाला.

"अहो, राइट!" मागून जिज्ञासा. ती धर्मेशची बायको. हळदीसाठी पिवळी साडी नेसून तयार होती, नवऱ्याचा निर्णय तिला लागू होतो असं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"तुझा राइट की माझा राइट?"

"राइट म्हणजे राइट! माझा नि तुमचा वेगळा कधीपासून?"

"तू तोंड कुठं करून उभी आहेस बघ आधी!"

ट्रॉली पुन्हा मिटली. मागून कुणीतरी शिट्टी वाजवली. धर्मेशच्या मानेवरून घाम पाठीत उतरत होता.

ओट्यावर बसलेली सखू, धर्मेशची आई, हे सगळं सुपारी कातरत बघत होती. भावेश मांडवातून बाहेर आला तो थेट तिच्यापाशी. नवा पिवळा कुर्ता, कपाळावर आठ्या. पिकअपची खिडकी ओट्यापासून हाताच्या अंतरावर होती, पण त्यानं खिडकीकडं बघितलं नाही.

"काकी, डीजेवाला इचारतंय, दुसरी सुपारी हाय, जाऊ का म्हनून."

"आये," धर्मेश समोरच्या काचेकडं बघत म्हणाला, "त्याला सांग, पाच मिंटात होतंय."

"काकी, पाच मिंटं अर्ध्या तासापासून होतान, असा सांग."

"आये, टायर बसला वाटंत. मुद्दाम नाय केला, असा सांग."

"मुद्दाम केला, असा कोन बोलला, इचार."

सखूनं अडकित्ता मांडीवर ठेवला. "मी काय फोन हाय? दोगांची तोंडा काय भाड्यानं दिलीत? बोला नायतर गप रावा."

दोघंही गप राहिले. ते त्यांना जमत होतं.

ट्रॉली पिकअपपासून सोडून हातानं ढकलता आली असती. हे धर्मेशला पहिल्या खेपेलाच सुचलं होतं. पण बोट, इंजिन आणि चढ धरून आठ-दहा गडी लागले असते, आणि गल्लीतले सगळे गडी त्या घडीला भावेशच्या मांडवात होते, भावेशच्या शब्दावर. म्हणजे मागायचं तर भावेशकडं. एवढी वर्षं जपलेला अबोला एका ढकलण्यापायी मोडायचा. त्यानं आणखी एकदा प्रयत्न केला. ट्रॉलीचा कोपरा अंगणाच्या भिंतीला घासला आणि रंगाचा लांब पोपडा निघाला.

तेवढ्यात खिडकीशी राजसी आली. हळदीची साडी, केस मोकळे.

"काका, डीजेवाला खरंच चाललाय. काही तरी करा ना."

तिनं 'मुद्दाम' हा शब्द वापरला नाही. पण डोळ्यांत तो होता, निदान धर्मेशला दिसला. त्यानं इंजिन बंद केलं, उतरला आणि मांडवात शिरला. बायकांची कुजबुज थांबली. भावेश पातेल्यांपाशी आचाऱ्याशी बोलत होता.

"गडी दे," धर्मेश म्हणाला.

भावेशनं सावकाश वळून बघितलं. "आवतण भेटला नाय काय तुला?"

"मोबाइलवर भेटला."

"मग?"

"मग मोबाइलवरच येनार होतो. आता गडी दे."

आचाऱ्यानं झाऱ्यामागं तोंड लपवलं. भावेशनं एक हाक मारली, तशी गडी उठले. पिकअप बाजूला झाली, ट्रॉलीला खांदे लागले, "हईशा" झालं, आणि पाऊण तासात जे झालं नाही ते चार दमांत झालं. ट्रॉली सरळ, झोकात बोळात शिरली. टाळ्या पडल्या. आणि अर्ध्यावर बोट करकरून थांबली.

चाकं मोकळी होती. अडकलं होतं वरचं. बोट खाली निमुळती नि वर पसरट, तिचे काठ दोन्ही भिंतींत पाचरीसारखे बसले होते.

"माप घेतलेलास का?" भावेशनं विचारलं. या वेळी थेट.

"घेतलेला."

"कुठून?"

धर्मेशला उत्तर द्यायचं नव्हतं. "टायरपासून टायरपरत."

मग भावेश हसला. एवढ्या वर्षांत तो धर्मेशसमोर हसला नव्हता, आणि तेवढ्या वर्षांचं सगळं साठलेलं एकदम बाहेर आलं. गडी हसले, टेम्पोवाला हसला, जिज्ञासाही पदराआड हसली, हे धर्मेशनं नीट बघून ठेवलं.

"भिंतीची वरची वीट कारू?" डोळे पुसत भावेश म्हणाला. "दोन हातोरं मारली की बसतंय."

"भिंतीला हात लावाचा नाय."

"मग आन माझे इकरं."

दुसरी जागा गल्लीत नव्हतीच. बोट उपसून बाहेर काढली आणि भावेशच्या अंगणात, मांडवातच, स्टेजच्या बाजूला उभी केली. राजसीनं लगेच तिच्यावर झेंडूच्या माळा टाकायला लावल्या. म्हणाली, फोटो मस्त येतील. बोलण्यासारखं धर्मेशकडं भरपूर होतं, पण ऐकणारं कुणी नव्हतं. डीजे सुरू झाला होता.

तो घरी जायला वळला तोच दोन पोरं बोटीत चढली, तिसरं इंजिनाची दोरी ओढायला लागलं. त्यानं त्यांना हाकललं. तो चार पावलं गेला की ती पुन्हा चढत. शेवटी तोच काठावर चढून बसला, झेंडूच्या माळांमध्ये, सगळ्या मांडवाला दिसेल असा. राजसीला हळद लागत होती. जिज्ञासानं ताट आणून दिलं. त्यानं नको म्हटलं, तिनं ते बोटीत ठेवलं, आणि मटणाच्या वासानं शेवटी त्यानं ते मांडीवर ओढलं.

समोरून जाणारा भाऊकीतला एक म्हातारा थांबला. ताटाकडं बघितलं, माळांकडं बघितलं.

"आलास काय रं हलदीला?"

"नाय," धर्मेश तोंडातला घास गिळत म्हणाला. "बोट राखतंय."

"कवापरत?"

धर्मेशनं भिंतीकडं बघितलं, बोटीच्या काठाकडं बघितलं. आज हळद, उद्या लग्न, परवा पूजा.

"मांडव निघंपरत," तो चिडून म्हणाला.