अंबादासने पट्टी तपासली

अपूर्व भोयरचं लक्ष एकदा सुटलं की त्याच्यामागे माणूस धाडावा लागे. आईनं कोथिंबीर आणायला सराफ्याकडच्या बाजारात पाठवलं, तर पोरगं पार गावाबाहेर तिलवाऱ्याच्या पुलावर सापडलं. कोथिंबिरीचा पत्ता नाही, पण नागपूरला निघालेल्या एका ट्रक ड्रायव्हरच्या सगळ्या मेहुण्यांची नावं पाठ. वर्गात खिडकीबाहेरची घार बघता बघता त्यानं मान इतकी वळवली म्हणतात, की छाती फळ्याकडे आणि तोंड मागच्या बाकाकडे, असा तो अख्खा तास बसला. चपला तर तो इतक्यांदा विसरून आला होता, की ग्वारीघाटाचे निम्मे नावाडी त्याच्याच चपला घालून फिरत.

हे किस्से सांगून कॉलनी हसायची. अंबादास भोयर हसत नसे. पोरगं त्याचं होतं.

अंबादास तोफगोळ्यांच्या फॅक्टरीत तपासनीस. वडील वर्ध्याकडून इकडे हिंदी मुलखात याच फॅक्टरीत आले होते, मुलगा त्यांच्याच गेटातून आत शिरला. मालातला नग उचलायचा, माप लावायचं, आणि पास नाहीतर रिजेक्ट म्हणून शिक्का मारायचा, यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं. मापाशिवाय त्याचा कशावरच विश्वास नसे. सासऱ्यानं दिलेली अंगठी त्यानं म्हणे मांडवातच तोलून मागितली होती, आणि काटा येईपर्यंत भटजी अंतरपाट धरून उभे होते.

पोरालाही त्यानं लहानपणीच तपासून टाकलं होतं: कामचोर. डोकं आहे पण वापरत नाही, असं म्हणायचं आणि हात उचलायचा.

अपूर्व दहावीत गेला, तेव्हा शाळेनंच त्यांना डॉक्टर रश्मींकडे धाडलं. बाई म्हणाल्या, "बच्चा आलसी नहीं है, भोयरजी. ध्यान टिकत नाही त्याचं. बीमारी है ये." मग त्यांनी एक पट्टी दाखवली. संध्याकाळी अर्धा तास कपाळावर बांधायची. तिच्यातून अगदी हलका करंट जातो, जाणवणारही नाही इतका, आणि डोक्यातल्या लक्षाच्या जागेला जागं करतो. खरंच तसं होतं का, हेच त्यांना तपासायचं होतं. म्हणून काही पोरांना खरी पट्टी मिळणार होती, काहींना हुबेहूब तशीच पण बिनकरंटची. कोणाला कोणती, हे घरच्यांना ठाऊक नसणार आणि डॉक्टरलाही. सील मात्र कोणी तोडायचं नाही.

"हां मॅडम," अंबादास म्हणाला. तपासणीची गोष्ट त्याला समजत होती.

आणि पोरगं सुधारलं की हो. पट्टी बांधली असताना जवळ कोणीतरी बसायचं होतं, म्हणून अंबादास बसू लागला. नुसतं काय बसणार, तर तोफगोळ्यांच्या गोष्टी सांगू लागला. पोरगं विचारी, गोळा फुटणार की नाही हे न फोडता कसं कळतं? अंबादासला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. हळूहळू अपूर्व पट्टी सुटल्यावरही तिथंच बसून गणितं सोडवू लागला. कोथिंबीर घरी यायला लागली. अंबादासचा हातही उठेनासा झाला, कारण आजारी पोराला कोण मारतं? फॅक्टरीत तो सांगे, "नस ढिली होती डोक्यातली. आता टाइट करून राहिले."

सहामाहीत गणितात चांगले मार्क पडले, तेव्हा त्याची आई सुहासिनी एका रविवारी लेकाला घेऊन ग्वारीघाटावर दिवा सोडायला गेली. घरात अंबादास, आणि समोर टेबलावर पट्टी.

इतक्या दिवसांत त्यानं तिला मीटर लावला नव्हता, हेच नवल. पाण्याचा ग्लास भरून घेतला, प्यायला नाही. मग पेचकस आणला, सील तोडलं, मीटरच्या दोन्ही तारा पट्टीला लावल्या आणि बटण दाबलं. शून्य. मीटरची बॅटरी बदलली. शून्य.

मायलेक परतले तेव्हा तो तसाच बसला होता.

"सील काहून तोडलं तुम्ही?" सुहासिनीनं चप्पल काढता काढता विचारलं.

"करंटच नाही याच्यात. नकली आहे."

अपूर्व पुढे आला. त्यानं मीटर पाहिला, पट्टी पाहिली, आणि त्याचा चेहरा असा उजळला की अंबादासनं तो तसा कधी पाहिलाच नव्हता.

"मतलब बाबा, गणिताचे मार्क वगैरे... ते मीच करून राहिलो होतो? बिना करंटचं?"

अंबादासच्या डोक्यात मात्र शिक्का आधीच उचललेला होता.

"तेच तर म्हणतो मी. करता येत होतं, तर इतकी वर्षं केलं काहून नाही बे? आम्हाला उल्लू बनवून राहिला होता?"

अपूर्वचं हसू लगेच गेलं नाही. ओठांपर्यंत खबर पोचायला वेळ लागला. मग तो आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं, आवाज न करता.

"झालं समाधान?" सुहासिनी म्हणाली. प्रसादाची पुडी तिच्या हातातच राहिली.

दुसऱ्या दिवशी अंबादास पट्टी घेऊन डॉक्टर रश्मींकडे गेला. आपण चोरी पकडून आणली आहे, अशाच थाटात. बाईंनी तुटलेलं सील पाहिलं आणि आधी एवढंच सांगितलं, की अपूर्व आता या पट्टीच्या तपासणीतून बाहेर. मग विचारलं, "नापा किस पर?"

"सीधा मीटर पर."

"मीटर को माथा होता है क्या, भोयरजी?"

ही पट्टी आधी कातडी ओळखते, बाईंनी समजावलं. कपाळाला नीट चिकटली नसेल तर करंट सोडतच नाही. खरी असती तरी मीटरवर शून्यच आलं असतं.

"मग खरी आहे की नकली?"

"वो मुझे भी नहीं पता. आणि ऐका, नकली पट्टीवरही पुष्कळ मुलं सुधारतात. ती ढोंग करत नसतात. रोज कोणी जवळ बसलं, आपण बरे होणार असं वाटलं, त्यानंही फरक पडतो."

फॅक्टरीत कोणी असा चुकीचा मीटर लावून अख्खा लॉट रिजेक्ट केला असता, तर अंबादासनं त्याला सगळ्यांसमोर उभं करून सोललं असतं. इथं त्याला सोलायला कोणी नव्हतं. तो स्कूटर ढकलतच गेटाबाहेर आला. सुरू करायची असते, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

घरी अपूर्व टेबलाशी बसला होता.

"माझी चूक झाली," अंबादास म्हणाला. हे शब्द या घरात पहिल्यांदाच उच्चारले जात होते. "मी मापलं ते गलत होतं. पट्टी खरीही असू शकते."

"अच्छा," अपूर्व म्हणाला. "म्हणजे मी परत बीमार?"

"तसं नाही रे..."

"असली निघाली तर मी बीमार. नकली निघाली तर कामचोर. तुम्हीच सांगा बाबा, कोणतं चालेल तुम्हाला?"

आवाजात राग नव्हता. दुकानदारानं गिऱ्हाइकाला विचारावं, तसं विचारलं पोरानं. तिसरं काही सुचावं म्हणून अंबादासनं खूप खटपट केली.

"जेवून घे," तो शेवटी म्हणाला.

तेव्हापासून अपूर्व कुठं जात नाही. शाळेतून आला की टेबलाशी बसतो, पाठ ताठ, समोर पुस्तक उघडं. रस्त्यावरून वरात गेली तरी मान हलत नाही. अंबादास पूर्वीसारखाच शेजारी खुर्ची ओढून बसतो. गोष्ट सुरू करतो, पोरगं "हो बाबा" म्हणतं आणि गोष्ट तिथंच मिटते. पुस्तक कालच्याच पानावर असतं, परवाही तेच होतं. डोळे अक्षरांवर असतात आणि डोळ्यांत कोणी नसतं.

"काय लक्ष आहे हो पोराचं," घरी येणारे म्हणतात.

"हो," अंबादास म्हणतो.