दुसरी वाटी

अकरा एप्रिलला डेक्लननं दर वर्षीसारखं सामान भरलं. दोन डझन अंडी, पाव, डबाबंद मासळी, नूडल्सची पाकिटं आणि बिअरची एक पेटी. मग खिडक्या लावल्या, गॅलरीच्या दाराखाली जुनं फडकं कोंबलं आणि पंखा लावून खाटेवर आडवा झाला. आता सोळा तारखेपर्यंत जग बुडालं तरी त्याला सोयरसुतक नव्हतं. आणि जग बुडणारच होतं. सोंगक्रान, म्हणजे थायलंडचं पाण्याचं नववर्ष, आला की चिआंग माईत कोरडं काही उरतच नाही.

अठरा वर्षं तो या गावात राहत होता. पहिल्या वर्षी हौसेनं बाहेर पडला होता, तेही मोटरसायकलवरून. जुन्या शहराभोवतीच्या खंदकापाशी कुणीतरी बर्फाच्या पाण्याची अख्खी बादली तोंडावर मारली आणि साहेब रस्त्यावर. खांद्याचं हाड मोडलं. लोक हसत हसत धावून आले, हसत हसत त्याला दवाखान्यात घेऊन गेले आणि दवाखान्याच्या दारात हसत हसत पुन्हा भिजवलं. त्या दिवशी त्यानं कानाला खडा लावला.

फोंगचान मात्र जायची. त्याची बायको इथलीच, पलीकडच्या सारफीची. सणाचे तिन्ही दिवस ती बाहेर उंडारायची आणि शेवटच्या दिवशी आईकडे जाऊन संध्याकाळी निथळत परत यायची. डेक्लन दारात वर्तमानपत्र पसरून ठेवायचा. "तिथंच थांब. फरशी ओली होईल." ती त्या कागदावर उभी राहून दात काढायची. तिच्या हातांना शिकेकाईचा वास यायचा.

"चल ना रे एकदा," ती म्हणायची. "आईच्या हातावर वाटीभर पाणी घालायचं, वर्षभरात चुकलंमाकलं माफ कर म्हणायचं. संपलं. पाच मिनिटांचं काम."

"पुढच्या वर्षी," तो म्हणायचा.

पुढचं वर्ष येत राहिलं. मग मागच्या मे महिन्यात ती आठ दिवस तापली आणि गेली. आता ती कपाटावर होती. पितळेच्या, झाकणाच्या, तांब्याएवढ्या भांड्यात मूठभर हाडं. लोकांनी सांगितलं, देवळाच्या भिंतीत ठेवा. कुणी म्हणालं, नदीत सोडा. त्यानं कुणाचंच ऐकलं नाही. कपाटावर ती होती म्हणून घराला घर म्हणायचं, नाहीतर काय, चार भिंती आणि एक पंखा.

चौदा तारखेला सकाळीच खालून हाक आली. खाली ओरापिनचं नूडल्सचं दुकान. बाईचा आवाज असा की बंद खिडकीलाही जुमानत नाही.

"डेकभाऊ! जिवंत आहात ना? आज शिव्या घालायच्या नाहीत हं! आज वाईट बोललात तर वर्षभर तोंड सडेल!"

"माहितेय!" तो आतूनच ओरडला.

"माहितेय म्हणता आणि पुटपुटता! मला इथवर ऐकू येतंय!"

डेकभाऊ हा तिचा खास विनोद. डेक म्हणजे इथल्या भाषेत पोर. डेक्लन हे नाव इथं कुणाच्याच जिभेला झेपलं नाही, म्हणून सदुसष्ट वर्षांचा, गुडघे गेलेला, टक्कल पडलेला हा आयरिश माणूस गावभर पोर म्हणून ओळखला जायचा.

दुपारी फोन वाजला. सासू, केओमून. वय अठ्ठ्याऐंशी. ती कधी फोन करत नसे. फोन ही वस्तू मेलेल्या माणसाची बातमी द्यायला असते असं तिचं मत होतं.

"डेक," म्हातारी म्हणाली, "उद्या ये. तिला घेऊन ये."

तिला घेऊन ये म्हणजे काय? इथं आणून ठेव? म्हातारीचाच हक्क होता, पोटची पोर होती तिची. अकरा महिने तिनं एका शब्दानं विचारलं नव्हतं, आणि आता विचारलं तेही कधी, तर वर्षातून तीन दिवस रस्त्यावर नदी वाहते तेव्हा. नाही जमणार, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आज तोंड सांभाळायचा दिवस. आजच्या दिवशी फोंगचान त्याच्या तोंडावर हातच ठेवायची, विशेषतः बातम्या लागल्या की. आज वडीलधाऱ्या माणसाला नाही म्हटलं तर ते नाही वर्षभर पुरतं, असं तिचं म्हणणं.

"बरं, आई," तो म्हणाला आणि फोन ठेवला. वैताग आला होता. त्याहून जास्त थकवा आला होता. हल्ली त्याला सगळ्याचाच थकवा यायचा, अंडं उकडायचासुद्धा.

पंधराच्या सकाळी त्यानं बांधाबांध केली. भांड्याच्या झाकणावर चिकटपट्टी, गोल चार वेढे. मग प्लास्टिकची पिशवी, तिला गाठ. वर दुसरी पिशवी. वर तिसरी. हे सगळं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डब्याला पुन्हा चिकटपट्टी. डबा पाठपिशवीत, पिशवी पोटावर, आणि सगळ्यावर रेनकोट. बाहेर चाळीस अंश ऊन. आरशात पाहिलं तर आठव्या महिन्यातली बाई दिसत होती. हसू नाही आलं. आत एक थेंब गेला तर तिचा चिखल होईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तिचं जे काही उरलं होतं ते एवढंच, आणि ते त्याला कोरडं न्यायचं होतं आणि जमलं तर कोरडं परत आणायचं होतं.

जिन्याखाली ओरापिन चांदीची वाटी घेऊन उभी होती. त्याला पाहून तिनं वाटी मागे लपवली. इतक्या वर्षांत तिनं त्याच्यावर कधी पाणी घातलं नव्हतं. त्याला आवडत नाही हे तिला ठाऊक होतं.

"अगंबाई! डेकभाऊ बाहेर! आज सूर्य कुठून उगवला?" मग रेनकोटाकडे पाहून तिनं कपाळाला हात लावला. "अहो, काढा तो आधी. हा घालून गेलात तर मेलात तुम्ही. असा माणूस लोकांना दिसायचाच अवकाश."

"राहू दे," तो म्हणाला आणि निघाला.

ओरापिन बरोबर होती. खंदकाच्या कडेला गर्दी अशी की मुंगीला वाट नाही. गाड्यांच्या मागे पिंपं, पिंपांत बर्फाच्या लाद्या. अशात ऐन उन्हात रेनकोट घातलेला फरांग, गोरा परदेशी, आला म्हणजे सगळ्यांची चंगळच. "काका, पाऊस येतोय वाटतं!" म्हणत एका बाईनं पाइपच धरला. मानेतून, बाह्यांतून, मिळेल तिथून पाणी आत शिरलं. तो दोन्ही हातांनी पोट आवळून, खांदे वाकवून चालत राहिला. थांबला नाही, ओरडला नाही, शिवीही दिली नाही. कुणाशी भांडायचं त्राण नव्हतं. फक्त दर पन्नास पावलांवर हात आत घालून डबा चाचपायचा.

बाजारापासून सारफीची निळी गाडी मिळाली. मागून उघडी, समोरासमोर दोन बाकडी. म्हणजे भिजायला बैठी सोय. समोर एक जाड म्हातारी फुलांची टोपली घेऊन बसली होती. ती वाटभर त्याच्या पोटाकडे टक लावून होती.

"एवढं काय जपताय? सोनं आहे का?"

"फुटायचं सामान आहे, मावशी."

"फुटायचं सामान घेऊन आजच्या दिवशी कोण बाहेर पडतं?"

"माझ्यासारखा गाढव."

म्हातारी खदाखदा हसली. त्याला मात्र डोळ्यांत काही तरी चुरचुरलं. पाणीच असेल.

सारफीत उंच झाडांच्या रस्त्यावर तो उतरला तेव्हा अंगावर सुकी जागा नव्हती. बूट पचपचत होते. केओमून ओसरीवर चटई टाकून वाटच पाहत होती. पांढरा झगा, डोक्यात चाफा, मांडीजवळ पानाचा डबा. समोर मोठ्या चांदीच्या भांड्यात पाणी, आणि त्यात भाजलेल्या शिकेकाईच्या शेंगा तरंगत होत्या. वास आला आणि डेक्लनला आपल्या दारातलं वर्तमानपत्र आठवलं.

"आला का माझा पोर," ती म्हणाली. "कुठाय?"

त्यानं रेनकोट उतरवला, पाठपिशवी उघडली, डबा काढला. ओल्या बोटांनी चिकटपट्टी निघेना. म्हातारीनं पानाच्या डब्यातला अडकित्ता पुढे केला. पट्टी कापली. पिशवी निघाली. आत पिशवी. त्याच्या आत पिशवी.

"कांदा सोलतोयस का रे?"

शेवटी पितळेचं भांडं निघालं. त्यानं ते हातरुमालानं पुसायला घेतलं आणि लक्षात आलं, पुसायला काहीच नाही. रुमालच ओला होता.

"एक थेंब नाही लागू दिला, आई," तो म्हणाला. आवाजात जरा अभिमानच होता. कितीतरी महिन्यांत त्याच्या हातून काहीतरी धड झालं होतं.

केओमूननं भांड्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. मग पुन्हा भांड्याकडे.

"एक थेंब नाही?"

"नाही."

"अरे मेल्या," म्हातारी म्हणाली, "अख्खं गाव भिजलं. कुत्री भिजली, कोंबड्या भिजल्या. तू तर नखशिखांत भिजलास. आणि माझी पोर तेवढी कोरडी?"

डेक्लननं ओला रुमाल खिशात कोंबला.

"आज तिला आंघोळ घालायची असते. म्हणून तर बोलावलं तुला. गेलेल्यांना आज न्हाऊ घालतात, घरोघरी. एवढी वर्षं इथं राहिलास, कुणी सांगितलं नाही?"

"मी दार लावून बसायचो," डेक्लन म्हणाला.

"हं. ते माहितेय मला."

तिनं झाकण काढलं. डेक्लनचा हात आपोआप पुढे गेला. "आई, आत पाणी..."

"हाडं आहेत ती. त्यांना काय सर्दी होणार?"

वाटी भरून तिनं हळूहळू पाणी सोडलं. पाणी आत गेलं, काठावरून बाहेर आलं, चटईवर पसरलं. ती लेकीशी पुटपुटत होती. त्यातलं अर्धं इथल्या गावठी बोलीतलं, त्याला नीट कळत नव्हतं. उन्हाचं बोलत होती, आंब्यांचं, शेजारणीच्या गुडघ्याचं. चिखलबिखल काही झाला नाही. हाडं ओली झाली आणि जरा गडद दिसायला लागली, एवढंच. डेक्लन ढसाढसा रडायला लागला. अकरा महिने त्याला जमलं नव्हतं ते आता थांबेना. म्हातारीनं त्याला थांबवलं नाही. पाण्याच्या दिवशी कोण कशानं भिजलंय ते कुणी विचारत नाही.

तो शांत झाल्यावर तिनं दोन्ही तळवे त्याच्यासमोर धरले. सुरकुतलेले, पानानं बोटांची टोकं लाल झालेले.

त्यानं वाटी भरली. ओंजळीत पाणी सोडताना त्याला शब्द आठवेनात. फोंगचाननं किती वेळा शिकवले होते. "आई, चुकलं," तो कसाबसा म्हणाला. "कधी आलो नाही. दर वर्षी पुढच्या वर्षी म्हणालो. मला माफ करा."

"आलास की," केओमून म्हणाली. "दर वर्षी आलास."

त्यानं वाटी खाली ठेवली.

"दोन वाट्या घालायची ती. पहिली स्वतःची. मग दुसरी भरायची आणि म्हणायची, आई, ही डेकची. तो झोपलाय. त्याचं पण चुकलंमाकलं माफ कर." म्हातारी गालात हसली. "मी विचारायची, दर वर्षी बरा याच दिवशी झोपतो गं तुझा नवरा? तर म्हणायची, फार दमतो तो."

ओसरीखाली पाणी थेंब थेंब टपकत होतं. केओमूननं तळवे मागे घेतले नव्हते. ते तसेच होते, पुढे, रिकामे. ती कशाची वाट पाहतेय ते डेक्लनला थोडं उशिरा कळलं.

त्यानं दुसरी वाटी भरली.

"आई, ही फोंगचानची," तो म्हणाला. "ती झोपलीय. तिचं चुकलंमाकलं माफ करा." मग जरा थांबून म्हणाला, "तिचं फारसं काही चुकलं नसेल. माझंच त्यात धरा."

म्हातारीनं ओल्या हातांनी त्याच्या टकलावरून पाणी फिरवलं आणि आशीर्वाद दिला. सुखी राहा, अंगानं धड राहा, खाऊनपिऊन राहा. मग म्हणाली, "आता ने तिला घरी."

"तुम्ही ठेवून घेणार नाही?"

"मी कुठं ठेवू? मलाच कुठं ठेवतील कोण जाणे. तुझ्याकडेच राहू दे. पण वर्षातून एकदा भिजव रे बाबा. आणि तो बिस्किटांचा डबा राहू दे इथंच, मला पानं ठेवायला होईल."

परतीच्या गाडीत भांडं त्याच्या मांडीवर होतं, उघडंवाघडं. रेनकोट म्हातारीच्या ओसरीवर विसरला होता.

गल्लीत पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. ओरापिन दुकानापुढची नळी गुंडाळत होती. तिनं त्याला पाहिलं, मांडीवर ओलं झालेलं विजारीचं कापड पाहिलं, हातातलं भांडं पाहिलं. चांदीची वाटी तिच्या शेजारी स्टुलावर होती, तळाशी थोडं पाणी उरलेलं. सवयीनं तिचा हात वाटी मागे लपवायला गेला.

"ओरापिन," डेक्लन म्हणाला, "संपलं का पाणी?"

"नाही... आहे थोडं. तुमच्यावर?"

त्यानं भांडं पुढे धरलं. "आधी हिच्यावर."

ओरापिननं हात जोडले. मग वाटी उचलली आणि बेतानं पाणी घातलं, आधी भांड्यावर आणि उरलेलं त्याच्या खांद्यावर, जो मोडला होता त्याच. मग तो आणि फोंगचान, दोघं वर गेली. जिनाभर पाणी ठिबकत होतं, दारातून आत, फरशीवरून कपाटापर्यंत. ते त्यानं पुसलं नाही.